११,१७२ अक्षरांचा प्रश्न : हांगुल लिपी आणि संगणक

कोरियन मजकूर संगणकात साठवायचा तर क्रमांक कशाला द्यायचे? सुट्या वर्णांना, की वर्ण जुळून तयार होणाऱ्या पूर्ण अक्षरांना? वरवर पाहता हा प्रश्न तंत्रज्ञांच्या एका बैठकीत मिटायला हवा होता. दक्षिण कोरियात मात्र त्यावर भाषाभ्यासक, सरकारी खाती आणि सॉफ्टवेअर कंपन्या वर्षानुवर्षे एकमेकांसमोर उभ्या राहिल्या, आणि शेवटी युनिकोडसारख्या जागतिक मानकाला हजारो अक्षरे एका जागेवरून उचलून दुसरीकडे न्यावी लागली. वादाचा मुख्य भाग आता शमला आहे. काही धागे मात्र अजून सुटलेले नाहीत, आणि त्यांतले एक-दोन आपल्या देवनागरीशीही जोडलेले आहेत.

लिपीची घडण

राजा सेजोंगच्या काळात १४४३ मध्ये हांगुल लिपी तयार झाली आणि १४४६ मध्ये ती जाहीर करण्यात आली. मूळ वर्ण २८ होते. त्यांपैकी चार वापरातून गेले आणि आज १४ व्यंजने व १० स्वर असे २४ मूलवर्ण उरले आहेत. दुहेरी व्यंजने आणि जोडस्वर धरले तर अक्षराच्या आरंभी येऊ शकणारी व्यंजने १९, मधले स्वर २१ आणि शेवटी येणारी व्यंजने किंवा व्यंजनजोड्या २७ होतात. या वर्णांना ‘जामो’ म्हणतात.

हांगुल वर्णमालाच आहे, पण तिचे वर्ण एका ओळीत सुटे लिहिले जात नाहीत. आरंभीचे व्यंजन, स्वर आणि असल्यास शेवटचे व्यंजन हे सारे एका चौकोनात रचून एक अक्षर होते. आपण ‘मन’ हा शब्द दोन अक्षरांत लिहितो. हांगुलमध्ये तो एकाच चौकोनात बसतो. वरती म आणि स्वर, खाली न.

या रचनेचा हिशेब नेमका मांडता येतो. १९ आरंभीची व्यंजने आणि २१ स्वर मिळून ३९९ अक्षरे होतात. प्रत्येकाला २७ पैकी एखादे अंत्य व्यंजन जोडले की आणखी १०,७७३. एकूण ११,१७२. पुढचा सगळा वाद या आकड्याभोवती फिरतो. यांतली बरीच अक्षरे कोणत्याही रूढ शब्दात येत नाहीत, पण लिपीच्या नियमांनी त्यांतले प्रत्येक अक्षर शुद्ध आहे आणि लिहिता-वाचता येणाऱ्या कोणालाही ते पहिल्याच नजरेत उच्चारता येते.

टंकयंत्रापासून सुरू झालेला पेच

हा पेच संगणकाच्याही आधीचा. नेत्रवैद्य गोंग ब्योंग-उ यांनी १९४९ च्या सुमारास हांगुलसाठी ‘तीन संचां’चे टंकयंत्र तयार केले. आरंभीची व्यंजने, स्वर आणि अंत्य व्यंजने यांच्यासाठी त्यात वेगवेगळ्या कळा होत्या. टंकन वेगाने होई, पण कागदावरची अक्षरे एकसारख्या चौकोनात बसत नसत, कमी-जास्त उंचीची दिसत. लिपीची तत्त्वे जपायची की तिचे रूप जपायचे, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता.

१९८२ मध्ये मानक ठरलेल्या संगणकी कळफलकाने दोनच संच ठेवले. डावीकडे व्यंजने, उजवीकडे स्वर. एखादे व्यंजन आधीच्या अक्षराचे अंत्य आहे की पुढच्या अक्षराचे आरंभीचे, हे ठरवायचे काम यंत्राकडे गेले. म्हणून कोरियन टंकताना शेवटी बसलेले व्यंजन पुढचा स्वर येताच उडी मारून नव्या अक्षरात जाते. लिहिणारा वर्ण टंकतो आणि वाचणारा अक्षर पाहतो. साठवायचे काय, हा प्रश्न या दोन टोकांच्या मधला.

१९७४ च्या पहिल्या राष्ट्रीय मानकाने वर्णांची बाजू घेतली होती. त्यात ५१ वर्णांना सात बिटांचे क्रमांक होते. अक्षरात जितके वर्ण तितके बाइट, म्हणून एकेका अक्षराची लांबी वेगळी. शिवाय इंग्रजी आणि कोरियन यांच्यात ये-जा करताना दर वेळी बदलाची खूण टाकावी लागे. पडद्यावर एका चौकोनाची रुंदी आणि स्मृतीतले बाइट जुळत नसल्याने साधी रकान्यांची यादी छापणेसुद्धा त्रासाचे होते. ही पद्धत मागे पडली. यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांनी आपापल्या दोन-बाइट पद्धती काढल्या आणि एका यंत्रावरची फाइल दुसऱ्यावर वाचता येईना.

वान्सोंग आणि जोहाप

या गोंधळावर तोडगा म्हणून १९८७ मध्ये ‘केएस सी ५६०१’ हे मानक नव्या रूपात आले. त्याने ‘वान्सोंग’, म्हणजे तयार अक्षरांची पद्धत स्वीकारली. वापराच्या वारंवारतेनुसार २,३५० हांगुल अक्षरे निवडून त्यांना क्रमांक दिले. त्यांच्यासोबत ४,८८८ हांजा, म्हणजे कोरियनमध्ये वापरली जाणारी चिनी चिन्हे, आणि बाकी इतर खुणा.

वान्सोंगच्या बाजूचा युक्तिवाद भक्कम होता. अनेक लिपी एकत्र वापरण्यासाठी जो आंतरराष्ट्रीय आराखडा होता, त्यात ९४ ओळी आणि ९४ स्तंभांचा तक्ता मिळत असे. घरे एकूण ८,८३६. ११,१७२ अक्षरे त्यात मावणारच नव्हती, मग हांजा तर दूरच. आराखडा पाळल्यामुळे दोन्ही बाइट इंग्रजी अक्षरांच्या पट्ट्याबाहेर राहत आणि संदेशवहनात घोटाळा होत नसे. सरकारी कारभाराचे संगणकीकरण तोंडावर होते आणि देशभर एकच, ताबडतोब चालणारी पद्धत हवी होती. प्रमाण शुद्धलेखन पाळले तर २,३५० अक्षरांत नेहमीचे लिखाण भागते, असेही सांगितले जाई.

समोर होती ‘जोहाप’, म्हणजे जोडणीची पद्धत. सोळा बिटांपैकी पहिला बिट खुणेचा आणि उरलेल्या पंधरांत पाच-पाच बिट आरंभीचे व्यंजन, स्वर व अंत्य व्यंजन यांना. पाच बिटांत ३२ जागा मिळतात, त्यामुळे १९, २१ आणि २७ सगळेच आरामात बसतात. सर्व ११,१७२ अक्षरे आली, शब्दकोशाचा क्रम टिकला आणि अक्षराचे वर्ण वेगळे करणे बिट सरकवण्याइतके सोपे झाले. भाषाभ्यासकांना यात सेजोंगच्या लिपीचे तत्त्व जपलेले दिसे. हांगुल म्हणजे अक्षरांची यादी नव्हे, जोडणीचा नियम आहे. यादी गोठवली की बोलीतले उच्चार, ध्वन्यनुकारी शब्द आणि परकी नावे लिहिण्याची तिची ताकद जाते, असे त्यांचे म्हणणे. १९८९ मध्ये आलेला ‘हांगुल’ हा शब्दसंसाधक जोहापवर उभा होता आणि तो अफाट लोकप्रिय झाला, त्यामुळे या पक्षाला घराघरांतून बळ मिळाले. जोहापची अडचणही खरी होती. तिचा दुसरा बाइट इंग्रजी अक्षरांच्या आणि खुणांच्या पट्ट्यात शिरत असे. ज्या प्रणालीला कोरियन ठाऊक नाही, ती त्या बाइटचा भलताच अर्थ लावी.

निवडलेल्या २,३५० च्या बाहेर काय राहिले, ते लोकांना लवकरच दिसू लागले. ‘त्तोमबांग गाखा’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या नावातले पहिलेच अक्षर, ‘त्तोम’, तक्त्यात नव्हते. पेप्सी आणि जीप या शब्दांची लोकांत रूढ असलेली काही रूपेही लिहिता येत नव्हती. वान्सोंगवाल्यांचे उत्तर असे की परकी नावे लिहिण्याच्या प्रमाण नियमांनुसार ती रूपे मुळात ग्राह्यच नाहीत. उत्तर नियमाला धरून होते, पण लेखन नियमपुस्तकातच होते असे नाही. जीपमधून आलेला पेप्सीमॅन आणि ‘त्तोमबांग गाखा’ यांना एकत्र गुंफणारे एक गमतीचे वाक्य पुढे एखादी प्रणाली पूर्ण हांगुल दाखवते का, हे तपासण्याची कसोटीच होऊन बसले.

आणखी एक दोष टंकताना जाणवे. काही अक्षरांचे अंत्य व्यंजनासह पूर्ण रूप तक्त्यात होते, पण त्या व्यंजनाशिवायचे मधले रूप नव्हते. वर्ण एकामागून एक टंकत पूर्ण अक्षरापर्यंत पोहोचायचे तर ते मधले रूप क्षणभर तरी दाखवावेच लागते.

या वादात माझे मत जोहापकडे झुकते, आणि त्याला याच मानकातली एक गोष्ट कारण आहे. त्यातल्या ४,८८८ हांजांपैकी २६८ पुनरावृत्ती आहेत. एकाच चिन्हाचे कोरियनमध्ये दोन-तीन उच्चार असले तर ते उच्चारागणिक पुन्हा नोंदवले आहे. संगीत आणि आनंद असे अर्थ असणारे एक चिन्ह तर चार वेळा येते. चिनी चिन्हांच्या उच्चारभेदांसाठी जी घरे खर्च झाली, ती कोरियन लिपीच्या स्वतःच्या अक्षरांना मिळाली नाहीत.

तडजोडीची वर्षे

१९९१ मध्ये एका पुरवणी मानकाने आणखी १,९३० अक्षरे दिली, पण ती वेगळ्या तक्त्यात होती आणि प्रत्यक्ष वापरात फारशी उतरली नाहीत. १९९२ मध्ये मूळ मानकाच्या परिशिष्टात जोहापलाही जागा मिळाली. कागदावर दोन्ही पक्ष मान्य झाले, व्यवहारात दोन्हींच्या फाइली फिरत राहिल्या.

मग विंडोज ९५ बरोबर मायक्रोसॉफ्टने वान्सोंगचाच विस्तार आणला. मूळ २,३५० अक्षरे जागच्या जागी ठेवून उरलेली ८,८२२ तक्त्याबाहेरच्या मोकळ्या जागांत बसवली. जुन्या फाइली जशाच्या तशा चालल्या आणि ११,१७२ पूर्ण झाली. टीकाही कडक झाली. अक्षरे दोन ठिकाणी विखुरल्यामुळे क्रमांकांनुसार लावलेली यादी शब्दकोशाच्या क्रमाने येईना. जोहापवर जो आक्षेप होता, दुसरा बाइट इंग्रजीच्या पट्ट्यात जाण्याचा, तो इथेही लागू झाला. शिवाय देशाच्या लिपीची मांडणी एका परदेशी कंपनीने परस्पर ठरवावी का, हा प्रश्न होताच. ही पद्धत अजून गेलेली नाही. जुन्या कोरियन संकेतस्थळांची पाने वाचताना आजचे ब्राउझर हाच विस्तारित तक्ता गृहीत धरतात.

युनिकोडमधले स्थलांतर

युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत कोरियन मानकातली २,३५० अक्षरे घेतली होती. १९९३ च्या १.१ आवृत्तीत दोन पुरवण्या जोडून ती ६,६५६ झाली, म्हणजे अजूनही अपुरी आणि तीन तुकड्यांत विखुरलेली. त्यासोबत एकमेकांना जोडून अक्षर घडवणारे २४० सुटे जामोही आले होते.

कोरियाची मागणी स्पष्ट होती. आधुनिक हांगुलची सर्व ११,१७२ अक्षरे, सलग आणि शब्दकोशाच्या क्रमाने. विरोधाची बाजूही विचार करण्यासारखी होती. तेव्हा युनिकोडची मुख्य जागा ६५,५३६ क्रमांकांची होती आणि त्यातला सहावा हिस्सा एका लिपीला द्यायचा होता. तोसुद्धा ६७ जामोंनी जे साधते त्यासाठी. शिवाय आधीचे क्रमांक रद्द केल्यास त्यांत साठवलेला मजकूर निरर्थक होणार होता.

१९९६ च्या २.० आवृत्तीत मागणी मान्य झाली. जुनी ६,६५६ अक्षरे काढून टाकली आणि ४४०३२ ते ५५२०३ या सलग पट्ट्यात सर्व ११,१७२ नव्याने बसवली. कोरियन मजकूर युनिकोडमध्ये फारसा साठवला गेला नव्हता, म्हणून प्रत्यक्ष नुकसान मर्यादित राहिले. रिकामी झालेली जागा पुढे चिनी चिन्हांना आणि ई-चिंगच्या ६४ आकृत्यांना मिळाली.

नव्या मांडणीत जोहापचा गाभा गणिताच्या रूपाने परत आला. आरंभीच्या व्यंजनाचा क्रम (शून्यापासून मोजून) २१ ने गुणा, त्यात स्वराचा क्रम मिळवा, आलेली संख्या २८ ने गुणा आणि अंत्य व्यंजनाचा क्रम मिळवा. त्यात ४४०३२ मिळवले की अक्षराचा क्रमांक आला. ‘हान’ या अक्षरासाठी व्यंजन १८ वे, स्वर शून्यावा, अंत्य व्यंजन चौथे, म्हणून १०५८८ अधिक ४४०३२, बरोबर ५४६२०. उलट भागाकार केला की वर्ण मिळतात. दिसायला ही तयार अक्षरांची यादी आहे, पण तिच्या आत जोडणीचा नियम तंतोतंत शाबूत आहे. मला हा या क्षेत्रातला सर्वांत देखणा निर्णय वाटतो. स्थलांतराची किंमत मोठी होती, तरी ती मोजणे योग्य ठरले.

या घटनेचा परिणाम कोरियाबाहेरही झाला. एकदा दिलेला क्रमांक पुन्हा कधीही हलवायचा नाही, असे वचन युनिकोड आणि त्याच्या समांतर आंतरराष्ट्रीय मानकाने दिले. आज जगातली प्रत्येक लिपी त्या वचनाने बांधलेली आहे.

दोन रूपांचे ओझे

युनिकोडने अक्षरे घेतली आणि सुटे जामोही ठेवले. त्यामुळे ‘हान’ एका क्रमांकात लिहिता येते किंवा तीन जामोंत. युटीएफ-८ मध्ये पहिल्या रूपाला तीन बाइट लागतात, दुसऱ्याला नऊ. दोन्ही रूपे समान मानावीत असा नियम आहे आणि एकातून दुसऱ्यात जाण्याची रीतही ठरलेली आहे. तरीही सगळी सॉफ्टवेअर ती पाळतात असे नाही.

सामान्य माणसाला हे फाइलींच्या नावांत भेटते. ॲपलच्या जुन्या फाइलव्यवस्थेत नावे विघटित, म्हणजे सुट्या जामोंच्या रूपात साठत. मॅकवरून पाठवलेल्या फाइलचे कोरियन नाव विंडोजवर उघडले की वर्ण सुटे-सुटे पसरलेले दिसत. पुढच्या फाइलव्यवस्थेने नाव दिले तसे ठेवण्याचे धोरण घेतले, तरी ही तक्रार पुरती संपलेली नाही. भर म्हणून १९८७ च्या मानकातून आलेले ९४ ‘सुसंगतता’ वर्ण आहेत. ते दिसायला जामोंसारखेच, पण कधीच जुळत नाहीत.

जुने हांगुल

सर्वांत गुंतागुंतीचा अनिर्णीत भाग हा आहे. पंधराव्या शतकापासूनच्या ग्रंथांत आज नसलेले वर्ण आणि व्यंजनांचे जोडगुच्छ आहेत, तसेच स्वराघात दाखवणारे अक्षराशेजारचे ठिपके. त्यांच्या शक्य जोडण्या १६ लाखांहून अधिक होतात. इथे तयार अक्षरांचा मार्ग बंद होतो, जामो जोडण्याला पर्याय उरत नाही.

बराच काळ हे काम युनिकोडच्या खासगी वापराच्या पट्ट्यात भागवले गेले. एका कोरियन कंपनीने तिथे पाच हजारांहून अधिक जुनी अक्षरे मांडली आणि अभ्यासकांचा पुष्कळ मजकूर त्याच रूपात साठला. तो खास फॉन्टशिवाय वाचता येत नाही. २००७ च्या कोरियन मानकाने आणि २००९ च्या युनिकोड ५.२ ने चित्र बदलले. आणखी ११७ जामो आले आणि ज्ञात जुनी अक्षरे रीतसर लिहिता येऊ लागली. मतभेद मात्र राहिला. एखादा व्यंजनगुच्छ एकाच क्रमांकाने लिहावा, असा कोरियन मानकाचा आग्रह आहे. युनिकोड सुट्या वर्णांची मालिकाही नाकारत नाही, आणि या दोन रूपांना समानही मानत नाही. एकसारखा दिसणारा मजकूर शोधताना वेगळा निघू शकतो.

याला केवळ पोथ्यांचा प्रश्न म्हणता येणार नाही. जेजू बेटावरच्या भाषेत ‘आरे-आ’ हा मुख्य भूमीवर लुप्त झालेला स्वर आजही लिहिला जातो, आणि २०१० मध्ये युनेस्कोने त्या भाषेची गणना अतिसंकटग्रस्त भाषांत केली आहे. ‘हांगुल’ शब्दसंसाधकाच्या नावाच्या पहिल्या अक्षरातही हाच स्वर आहे. म्हणजे देशातल्या प्रसिद्ध शब्दसंसाधकाचे नाव ११,१७२ अक्षरांत बसत नाही.

उत्तर कोरियाची बाजू

उत्तरेत हीच लिपी वेगळ्या वर्णक्रमाने शिकवतात. तिथे दुहेरी व्यंजने साध्या व्यंजनांनंतर एकत्र येतात आणि आरंभीचे मूक व्यंजन अगदी शेवटी जाते. १९९७ च्या त्यांच्या मानकात २,६७९ हांगुल अक्षरे आहेत आणि नेत्यांच्या नावांतली अक्षरे स्वतंत्र क्रमांकांवर वेगळीही नोंदवलेली आहेत. युनिकोडमधला क्रम आणि ‘हांगुल’ हे लिपीचे नावही बदलावे, अशी मागणी उत्तरेने आंतरराष्ट्रीय समितीकडे केली. न हलवण्याचे वचन तोवर दिले गेले होते, त्यामुळे ती मान्य झाली नाही. यादी कोणत्या क्रमाने लावायची हे सॉफ्टवेअर वेगळे ठरवू शकते, म्हणून व्यवहारात वाट आहे. पण जागतिक मानकात दक्षिणेचाच क्रम कायम झाला, हा उत्तरेचा आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे.

आजची स्थिती

क्रमांकांचा प्रश्न सुटला तरी अक्षरे काढण्याचा सुटलेला नाही. ११,१७२ चौकोनांची रेखाटने करणे फॉन्टकारासाठी प्रचंड काम आहे, म्हणून आजही कित्येक कोरियन फॉन्ट १९८७ च्या २,३५० वर थांबतात. बाहेरचे अक्षर आले की तेवढेच दुसऱ्या फॉन्टमध्ये उमटते आणि ओळ विजोड दिसते. मानक बदलले, तरी जुन्या निवडीची सीमारेषा अशी टिकून आहे.

भारतात हाच वाद तमिळने उचलला. तमिळ अक्षरांची संख्या मर्यादित असल्याने प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी सोळा बिटांची पद्धत तिथे मांडली गेली, आणि २०१० मध्ये तमिळनाडू सरकारने युनिकोडसोबत तिलाही मान्यता दिली. युनिकोडमध्ये मात्र तमिळ वर्णांनीच लिहिली जाते. देवनागरीला हा पर्यायच नव्हता. आपल्या जोडाक्षरांना हांगुलसारखी निश्चित संख्या नाही, म्हणून वर्ण साठवायचे आणि जोडणी फॉन्टवर सोपवायची, हाच मार्ग होता.

दुहेरी रूपांचे ओझे मात्र मराठीलाही आहे. ‘तऱ्हा’मधला र दोन प्रकारे साठवता येतो, नुक्त्याच्या ऱ ने किंवा साध्या र पुढे अदृश्य जोडखूण टाकून. हांगुलच्या बाबतीत दोन रूपे समान मानण्याचा नियम निदान मानकात आहे. आपल्या या दोन रूपांसाठी तोही नाही. १९९६ नंतरच्या वचनामुळे क्रमांक बदलून हे सुधारण्याची शक्यता उरलेली नाही. त्यामुळे मराठी कळफलक, शब्दकोश आणि शोधयंत्रे तयार करणाऱ्यांनी एक रूप ठरवून घ्यावे आणि शोधताना दोन्ही रूपे एकच मानावीत. हे काम त्यांच्याच हातात आहे.